आलाचा लाल रंग आणि पुनरुज्जीवनाची भाषा

काही वर्षांपूर्वी वर्गात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी कादंबरीविषयी बोलत असताना 'आलवण' हा शब्द आला. शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. एकाने तो 'आळवण्या'शी जोडला, दुसऱ्याने 'अळणी'शी. केशवपन केलेल्या विधवेला नेसावे लागणारे लाल लुगडे, असा अर्थ सांगून आणि त्यामागची सामाजिक क्रूरता समजावून पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, लाल कशानं करायचे ते?" केशवपनाचा इतिहास मला सांगता आला. तो लाल रंग कशापासून येत असे, हे मात्र सांगता आले नाही. मराठी विषयात एम. ए. होऊन वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटावी, तशी ती वाटली.

नंतर शोधत गेलो तेव्हा ध्यानात आले, की उत्तर फार लांबचे नव्हते. 'आल' नावाचे एक झाड आहे. मराठीत त्याला बारतोंडी असेही म्हणतात. त्याच्या मुळांच्या सालीत लाल रंग असतो. खानदेश, वऱ्हाड, निमाड, माळवा, बुंदेलखंड या काळ्या मातीच्या पट्ट्यात एके काळी त्याची रीतसर शेती होत असे. तीन-चार वर्षांची झाडे खणून मुळ्या काढायच्या, त्यांतल्या बारीक मुळ्या अधिक मोलाच्या. जाड मुळांत रंग कमी. या रंगाने पक्के केलेले जाडेभरडे लाल कापड म्हणजे खारवा. गाद्या, पडदे, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची वेष्टने यांसाठी तो वापरला जाई. 'आलवण' या शब्दातही 'आल' कानाला ऐकू येतेच. व्युत्पत्तीचा निकाल भाषाशास्त्रज्ञ देतील तेव्हा देतील. मुद्दा असा, की ज्या मातीत उभा राहून मी हा शब्द शिकवत होतो, त्याच मातीतून तो रंग निघत होता, आणि याची वर्गात कुणालाही कल्पना नव्हती.

अलीकडे नैसर्गिक रंगांतील छापील कापडाच्या 'पुनरुज्जीवना'विषयी पुष्कळ बोलले जाते. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत अजरख, बाग, कलमकारी यांचे गठ्ठे दिसतात, आणि त्यांवर 'परंपरा', 'वारसा', 'पर्यावरणस्नेही' असे शब्द चिकटवलेले असतात. या सगळ्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु जळगाव-धुळ्यात बसून या शब्दांकडे पाहिले, की काही प्रश्न पडतात, आणि ते विचारणे आवश्यक आहे असे मला वाटते.

पहिला प्रश्न स्मृतीचा. जळगाव जिल्ह्यातले फैजपूर आज आपण दोन गोष्टींसाठी ओळखतो. एक केळी आणि दुसरे १९३६ चे काँग्रेस अधिवेशन. परंतु ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये फैजपूरची ओळख वेगळी आहे. छापील सुती कापड आणि गडद निळा व लाल रंग बनवण्यातले कौशल्य यांसाठी हे गाव प्रसिद्ध असून तेथे रंगाऱ्यांची सुमारे २५० कुटुंबे आहेत, अशी नोंद तेथे सापडते. अडीचशे कुटुंबे म्हणजे एक अख्खी वस्ती. तिच्यात रंग उकळण्याच्या भट्ट्या असणार, गुळीची पिंपे असणार, ठसे कोरणारे किंवा बाहेरून ठसे आणणारे असणार, धुण्यासाठी पाण्याची सोय असणार, आणि या प्रत्येक कामाचे स्वतःचे शब्द असणार.

फैजपूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर बुऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात मोडते, म्हणून आपल्या प्रादेशिक अभिमानातून ते सहज गळून पडते. पण मोगल काळात ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी तावेर्निए याने या शहराच्या वस्त्रव्यापाराचे जे वर्णन केले आहे त्यानुसार येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जाई, आणि त्यांतल्या काही कापडांवर रंगीत फुले काढलेली असत. मोगल तंबूंच्या कनाती आणि जमिनीवर अंथरण्याची फुलांची छिटे यांतली काही बुऱ्हाणपूरची असावीत असे जाणकार मानतात. प्रशासकीय सीमांनी आपल्या कल्पनेतल्या खानदेशाचे दोन तुकडे केले. कापडाने ती सीमा मानली नव्हती.

हे सारे गेले कसे? याचे उत्तर सामान्यतः 'इंग्रजांनी बुडवले' या एका वाक्यात देऊन आपण मोकळे होतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या कुळातील लाल रंगद्रव्य, अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केले. पुढच्याच वर्षी त्याची पेटंटे झाली आणि काही वर्षांतच ते कारखान्यांतून बाहेर पडू लागले. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. सी. जी. एच. फॉसेट यांनी १८९६ साली मुंबई इलाख्यातील रंग आणि रंगाई यांविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तोवर हा धंदा वेगाने पालटत होता. पुडीतला लाल रंग तयार, स्वस्त आणि दर वेळी सारखाच निघणारा होता. आलासाठी तीन वर्षे शेत अडकवून ठेवायचे, हातभर खोल खणायचे, मुळे वाळवून कुटायची, आणि एवढे करून रंग कधी विटकरी, कधी तपकिरी निघायचा. शेतकऱ्याने ते पीक सोडले यात नवल नाही. रंगाऱ्यानेही पुडीच घेतली. म्हणजे ही केवळ सक्तीची कहाणी नाही. तीत कष्टकऱ्याने स्वतःचे श्रम वाचवण्यासाठी केलेली निवडही आहे. पुनरुज्जीवनाच्या भाषणांत या निवडीचा उल्लेख सहसा नसतो.

एक गोष्ट मात्र वासाहतिक सत्तेच्या माथी निःसंशय मारता येते. १८६६ साली जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी हिंदुस्थानातील कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्यांचे संच तयार केले. त्याचा उद्देश उघड होता. येथील गिऱ्हाईक काय नेसते हे ब्रिटिश कारखानदारांना कळावे आणि त्यांनी तसेच कापड बनवून येथे विकावे. आपल्या वस्त्रांची पहिली मोठी नोंद अशा प्रकारे त्यांची नक्कल करण्यासाठी झाली. आजही एखाद्या कारागिराचा ठसा मोबाइलवर टिपून तीच नक्षी स्क्रीन प्रिंटवर छापली जाते, तेव्हा फोर्ब्ज वॉटसन संपलेले नाहीत असे म्हणावे लागते.

आता फैजपूरच्या १९३६ कडे वळू. २७ आणि २८ डिसेंबरला भरलेले हे अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस शांतिनिकेतनातून आले आणि बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्यांनी तो परिसर उभा केला. खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. ग्रामोद्योगांच्या चळवळीला फैजपुरात जागा मिळाली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु त्या स्मरणात गावचा स्वतःचा उद्योग कुठे आहे? अधिवेशनाच्या आठवणी, छायाचित्रे, स्मारके यांविषयी आपण बोलतो. अडीचशे रंगारी कुटुंबांविषयी बोलताना मी कुणाला ऐकलेले नाही. राजकीय इतिहासाला लेखक मिळाले. रंगाऱ्यांचा इतिहास गॅझेटियरच्या एका ओळीत राहिला.

दुसरा प्रश्न 'नैसर्गिक' या शब्दाचा. छपाईची रीत थोडक्यात अशी. कापड आधी एरंडेल आणि खार यांत मळून, वाळवून तयार करतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्याला फिकट पिवळी झाक येते. चिंचोक्याच्या खळीत किंवा डिंकात तुरटी मिसळून एक ठसा उमटवतात, आणि गुळाच्या पाण्यात लोखंड कुजवून केलेल्या काळ्या रसाचा दुसरा. तुरटीचा ठसा जवळजवळ दिसतच नाही. कापड वाहत्या पाण्यात धुऊन तांब्याच्या भांड्यात आलाच्या मुळांबरोबर आणि धायटीच्या फुलांबरोबर उकळू लागले, की जेथे तुरटी लागली होती तेथेच लाल रंग धरतो. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगाने काळा होतो. उरलेली जमीन वारंवार धुऊन, उन्हात घालून पांढरी करतात. रंग ठशाने लागत नाही, ठशाने फक्त त्याची जागा ठरते, ही यातली खरी विद्या.

आता यातील मुळे काढून घ्या आणि त्यांच्या जागी कारखान्यातले अलिझरीन घाला. रीत तीच राहते, रंग अधिक झळाळतो, वेळ वाचतो. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या प्रसिद्ध बाग छपाईत आज लाल रंगासाठी मुख्यतः हेच होते, आणि तेथील खत्री कारागीर ते लपवत नाहीत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. लपवाछपवी होते ती पुढे, दुकानाच्या चिठ्ठीवर. 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द बहुधा विक्रेता लिहितो, कारागीर नव्हे. आपण गिऱ्हाईक म्हणून एवढे तरी विचारायला हवे, की लाल कशाचा आहे? मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारले तेच.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हाही एक भाबडा समज आहे. कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या काही ॲझो रंगांवर जर्मनीने १९९० च्या दशकात बंदी घातली, पाठोपाठ भारतानेही घातली, आणि वनस्पतिजन्य रंगांना नवी प्रतिष्ठा आली. ती योग्यच होती. परंतु वनस्पतिजन्य रंगाईला पाणी आणि सरपण भरपूर लागते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे हे येथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे. कच्छमधील धमडका गावच्या अजरख कारागिरांनी २००१ च्या भूकंपानंतर पाण्याच्या ओढीनेच अजरखपूर हे नवे गाव वसवले. ज्या प्रदेशात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात तेथे रंगाईचा उद्योग उभारताना सांडपाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था आधी आणि ठसे नंतर, असाच क्रम हवा.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. परंपरा म्हणून आपण नेमके काय जिवंत करू इच्छितो? निळीच्या सक्तीविरुद्ध बंगालच्या रयतेने १८५९-६० मध्ये केलेला उठाव आणि १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह आपण शाळेत शिकवतो. तीही नैसर्गिक नीळच होती. आलाच्या लाल रंगात खारवा होता, तसे आलवणही होते. ज्या स्त्रीच्या अंगावर ते जन्मभरासाठी चढवले गेले तिला त्या रंगाच्या पक्केपणाचे कौतुक वाटले असेल काय? आणि ज्यांचे हात कोपरापर्यंत निळे किंवा लाल असत त्या कारागिरांना गावाने कोणत्या पायरीवर बसवले होते? हा रंग हिंदू रंगाऱ्यांचा होता तसाच मुसलमान रंगरेजांचा आणि खत्र्यांचाही होता. आज 'आपली प्राचीन परंपरा' म्हणताना त्यांतल्या कुणाला 'आपले' मधून वगळले जात असेल, तर त्या पुनरुज्जीवनात मला रस नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गिरण्यांच्या आणि पुडीच्या रंगाने गरिबाच्या घरी रंग आणला. पूर्वी पक्क्या लाल रंगाचे लुगडे ही सहज परवडणारी वस्तू नव्हती. आज शेतमजूर बाई आठवडी बाजारात सुरतेची कृत्रिम धाग्याची साडी घेते, ती हलकी असते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. तिला सुती आणि नैसर्गिक रंगाचे महत्त्व पटवून देण्याचा अधिकार प्राध्यापकाला कुणी दिला? हा आक्षेप मी मान्य करतो. पुनरुज्जीवनाचा भार तिच्या खिशावर टाकता कामा नये.

मग हा खटाटोप करावा तरी कशासाठी? माझ्या दृष्टीने दोन कारणे आहेत. खानदेश हा कापसाचा प्रदेश आहे. येथे कापूस पिकतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक बाहेर जातात. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथल्या जुन्या गिरण्यांचे भोंगे आता ऐकू येत नाहीत. रुई विकायची आणि कापड विकत घ्यायचे, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की कधी काळी येथले रंगवलेले कापड सातासमुद्रापार जात होते हे सांगितले तर विद्यार्थी हसतात. कापडावरचे काम येथेच करण्याची एखादी लहानशी वाट जरी निघाली, तरी ती काही तरुणांना पोट भरण्याचे साधन देईल. ती सर्व प्रश्नांचे उत्तर असणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते आमच्या धंद्याशी संबंधित आहे. वस्तू गेली की शब्द पोरका होतो. गुळी, हिराकस, पापडखार, खारवा, कुसुंबी, पतंगी, धायटी हे शब्द आज कोशात आहेत, तोंडी क्वचितच आहेत. अहिराणीत, लेवागणबोलीत, पावरी आणि भिली बोलींत रंगांची व झाडांची जी नावे असतील त्यांतली किती कोशापर्यंत पोहोचली आहेत? 'हिची निष्ठा पक्क्या रंगाची' असे लिहिणाऱ्या लेखकाला पक्का रंग कसा करतात हे ठाऊक असणे बंधनकारक नाही. पण जेव्हा ते कुणालाच ठाऊक नसते, तेव्हा भाषा स्वतःच्याच अर्थाला मुकते.

'पुनरुज्जीवन' हा शब्द खानदेशापुरता तरी मी टाळेन. बागेत खत्र्यांनी ही छपाई अव्याहत चालवली. ओडिशातल्या कोटपाडला मिरगण समाजाचे विणकर आजही आलाच्या मुळांनी सूत रंगवतात आणि त्यांच्या कापडाला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तेथे जिवंत परंपरा आहे, तिला बळ देता येते. भौगोलिक निर्देशांक हा जिवंत वस्तूला मिळतो; जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला तो मिळाला आहे. फैजपूरच्या लाल-निळ्या छिटांसाठी तो मागायला आज आपल्या हातात कापडच नाही. म्हणून आपल्याला जे करायचे आहे ते नव्याने शिकणे आहे, आणि ते तसे नम्रपणे म्हणावे.

याची सुरुवात महाविद्यालयांनी करावी असे मला वाटते, कारण तेथे माणसे आहेत, प्रयोगशाळा आहेत आणि विद्यार्थी प्रत्येक गावातून येतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी रंगारी, भावसार, खत्री, रंगरेज घरांतल्या वृद्धांकडून शब्द आणि आठवणी गोळा कराव्यात. माळ्यावर एखादा शिसवी ठसा, एखादी जुनी वाकळ सापडली तर तिची नोंद करावी, ती उचलून आणू नये. वनस्पतिशास्त्राच्या विभागाने बांधावर आलाची रोपे लावून तीन वर्षे वाट पाहावी. गंमत अशी, की याच झाडाच्या फळांचा रस 'नोनी' या परदेशी नावाने औषधांच्या दुकानांत महाग विकला जातो, आणि मुळे मातीत तशीच राहतात. रसायनशास्त्राच्या विभागाने पाण्याचा हिशेब मांडावा. बागच्या किंवा कोटपाडच्या कारागिराला दोन दिवसांच्या कार्यशाळेला बोलावून शाल-श्रीफळ देण्याऐवजी एका सत्रासाठी शिक्षक म्हणून नेमावे आणि शिक्षकाचे वेतन द्यावे. आमच्या वेतनश्रेणीशी त्याची तुलना करताना आम्हाला थोडे ओशाळल्यासारखे होईल, पण तेही शिक्षणच आहे.

आणि जे कापड निघेल ते प्रथम येथेच वापरावे. उपरणी, रुमाल, पिशव्या, चोपड्यांची वेष्टने, अभ्रे अशा लहान वस्तूंपासून आरंभ करावा. चिठ्ठीवर खरे लिहावे, की लाल आलाचा आहे, निळा विकतचा आहे, आणि कापड गिरणीचे आहे. गिऱ्हाईक तेवढे खरे समजून घेऊ शकते.

आमच्या घरी आजीच्या हातची एक वाकळ होती. तिच्यात नाना चिंध्या होत्या. छापाच्या बहुतेक चिंध्या विटून राखाडी झाल्या होत्या. मधोमध एक वीतभर लाल तुकडा होता, त्यावर काळी बुटी. तो फाटला होता, पण फिका पडला नव्हता. लहानपणी आम्ही भावंडे तो आपल्याकडे यावा म्हणून भांडत असू. तो कुठला, कुणी छापला, आलाचा की पुडीचा, हे विचारायचे कुणाला सुचले नाही, आणि आता विचारायला आजी नाही. पुढे वाकळही राहिली नाही. पुढच्या वर्षी तो धडा शिकवताना वर्गात पुन्हा तोच प्रश्न आला, तर निदान आलाची एक वाळलेली मुळी टेबलावर ठेवता यावी, एवढी तयारी करायचे मी ठरवले आहे.